कोट नंबर सतरा

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

पाचच का? 'तुमची आवडती पाच कलेक्शन निवडा आणि का आवडली ते लिहा' – मॅडमचा नवा प्रोजेक्ट. माझ्या मोबाईलमध्ये एकशे बारा फॅशन शो साठवलेले आहेत! त्यातून पाच काढायचे म्हणजे कुणाच्या तरी पोटावर पाय. आणि मॅडमची अट – नेटवरची वाक्यं चालणार नाहीत, घरी बोलतो त्या भाषेत लिहायचं. "खोटं लिहिलंत की मला लगेच कळतं," म्हणाल्या.

चार तर ठरले. पहिला मिठाचा शो. सगळ्या रॅम्पवर खडेमीठ पसरलेलं, सगळे कपडे पांढरे, आणि शेवटच्या मुलीच्या झग्याचा घोळ इतका लांब की ती चालत गेली आणि तिच्याच पावलांचे ठसे पुसत गेली. दुसरा त्या जपानी म्हाताऱ्याचा, कापडाला कात्रीच लावत नाही. बारा बाया, बारा अखंड कापडं. आमच्या आत्याचं लुगडं तरी दुसरं काय आहे? तिसरा, पारदर्शक रेनकोटांत सुकलेली फुलं घालून शिवलेला. चौथा, ज्यात सगळ्या मॉडेल साठीच्या पुढच्या होत्या. एकीचा गुडघा दुखत होता, ते दिसत होतं. ती कोपऱ्यावर थांबली, तर मागच्या सगळ्या थांबल्या. मी तो सात वेळा पाहिलाय.

पाचवा रिकामा.

बिडकीनच्या सोनाजीची पोर पॅरिसच्या बायांच्या बाह्या मोजत बसते, हे गावात कळलं तर हसतील. आत्याला, बानाबाईला, एकदा दाखवला होता एक शो. तिनं एवढंच विचारलं, "या बाया उपाशी हायेत का गं?"

अप्पांनी तर ॲडमिशनच्या दिवशीच विचारलं होतं. फॉर्मवर डाव्या हातानं एकेक अक्षर बसवत सही केली आणि म्हणाले, फॅशन म्हणजे नेमकं काय करायचं? म्हटलं, कपडे शिवायचे. "मग तसं म्हण की," म्हणाले.

३ सप्टेंबर, मंगळवार

नळाला पाणी. आठव्या दिवशी! आमचा सगळा छावणी भाग बादल्या घेऊन जागा. पाचवा अजून रिकामाच.

५ सप्टेंबर, गुरुवार

अक्षर कसंही येतंय, बघून हसू येईल उद्या.

शिक्षक दिन. मॅडमना गुलाब दिले, त्यांनी खूश होऊन पडद्यावर एक शो लावला. दिल्लीचा एक डिझायनर आहे, दर शोच्या शेवटी पांढरा शर्ट घालून हात जोडत येतो. मी त्याला 'पांढरा शर्ट' म्हणते. त्याचा या वर्षीचा शो मी पाहिला नव्हता. जुनी बंद पडलेली गिरणी, खाली माती, ढोलकी नाही, गाणं नाही. नुसती चालण्याची चाहूल. सोळा कोट गेले. बरे होते.

सतरावा आला.

उंच मुलगी, बारीक केस, अनवाणी. अंगात घोट्यापर्यंतचा कोट, आणि कोट सगळा गोधडीचा. हिरवं विटलेलं, मेंदीसारखं झालेलं लाल, मधे कुठं तरी निळ्या चौकटी. जाड दोऱ्याचे टाके. ती वळली तेव्हा पाठीवर टाक्यांच्या फेऱ्या दिसल्या, बाहेरून आत आत जाणाऱ्या. वर्गात कुणी तरी "वाह" म्हणालं. मीच म्हणाले असणार. इतकं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही, हा पाचवा, ठरलं – असं वाटलं, आणि तेवढ्यात तिनं हात वर केला.

डाव्या बाहीवर, कोपराखाली, पिवळा तुकडा. त्यावर बदकं. एका बदकाला मुंडकं नाही. शिवणीत गेलंय.

ते बदक मला माहीत आहे. माझ्या तिसऱ्या वाढदिवसाच्या फ्रॉकचं बदक ते. लहानपणी झोपताना मी त्याच्या तुटक्या मानेवर बोट ठेवून विचारायची, याचं डोकं कुठं गेलं? अप्पा सांगायचे, त्यानं पाण्यात घातलंय, मासा धरतंय.

६ सप्टेंबर, शुक्रवार

लिहून टाकते. इथं तरी.

आई, पुतळाबाई, मी नऊ वर्षांची असताना गेली. ती गोधडी तिची शेवटची. तिचं हिरवं लुगडं, तिच्या चोळीचा खण, अप्पांचा शर्ट, माझा फ्रॉक. आमच्या घरात गोधडीची शेवटची कड मिटायच्या आधी कोपऱ्यात ज्वारीचे पाच दाणे टाकतात. गोधडी उपाशी ठेवायची नाही म्हणे. शिकायला इकडं शहरात आले तेव्हा अप्पांनी तीच माझ्या सामानात सगळ्यात खाली घडी करून ठेवली.

घरमालकीण आवडाबाईंच्या या खोलीत तेव्हा आणखी दोघी होत्या. वाईट नव्हत्या. मी गोधडी पांघरली की त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त उठून खिडकी उघडायच्या. आमच्या मेंढरांचा वास! मला तो कधी आलाच नव्हता. त्यांनी खिडकी उघडली तेव्हापासून यायला लागला.

मग गेल्या वर्षी जानेवारीत मी अस्वलांच्या चित्राचं लाल ब्लँकेट आणलं. आणि त्याच आठवड्यात गल्लीत भांडेवाली आली. आवडाबाई जुन्या साड्यांवर पातेलं मागत होत्या. मी वर गेले, गोधडी घेऊन खाली आले. भांडेवालीनं ती झटकली, उन्हात धरली. "जुनी हाय. नुसता डबा बसंल," म्हणाली. मी हो म्हटलं. डब्याचं झाकण घट्ट बसतं का ते मी तिथंच तीनदा लावून बघितलं. गोधडीकडं एकदाही बघितलं नाही.

तोच डबा. अप्पा दर महिन्याला त्यात शेंगदाण्याचे लाडू भरून देतात. लई चांगला डबा घेतलास म्हणतात.

दीड वर्ष झालं. मला लाज वाटली नाही असं नाही. पण रडले नव्हते. आणि काल रॅम्पवर बघितली तर रडू आलं. काय माणूस आहे मी? पलंगावर होती तेव्हा वास येत होता, आणि दिल्लीच्या मातीतून चालली की जगात सुंदर?

८ सप्टेंबर, रविवार

गणपती बसलेत. गल्लीच्या तोंडाशी भोंगा, कानात बोळे घालून लिहितेय.

अप्पांचा फोन. ते आता बिडकीनच्या नव्या कंपन्यांत एका गेटवर बसतात, दुपारच्या सुट्टीत फोन करतात. मेंढ्या राहिल्यात वीसच, त्या आत्या बघते. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाले, सव्वीसला अहेव नवमी, गोधडी आण.

पितृपक्षातली ती नवमी आईची. आमच्याकडं त्या दिवशी गेलेल्या बाईची गोधडी अंथरतात आणि तिच्यावर एका सवाष्णीला जेवायला बसवतात. ती जेवली म्हणजे आई जेवली. पहिल्या वर्षी सुट्टीत मी गोधडी घेऊनच गेले होते. गेल्या वर्षी परीक्षा आहे म्हणून थाप मारली, तर घोंगडीवर भागवलं. आत्या आठ दिवस धड बोलली नाही. यंदा शेजारच्या वच्छलाबाईंना आतापासून सांगून ठेवलंय.

"दोन दिस आधी पाठवता आली तर बघ," अप्पा म्हणाले. "ऊन दाखवू तिला जरा."

हो म्हटलं! तोंडातून हो कसं निघतं माझ्या?

१० सप्टेंबर, मंगळवार

पांढऱ्या शर्टच्या पेजवर निरोप टाकला. चार वेळा लिहिला, चार वेळा खोडला. आधी फार रागाचा झाला, मग फार गरिबीचा. शेवटी एवढंच विचारलं की कोट नंबर सतराची गोधडी कुठून आणली, आणि तिच्या एखाद्या कोपऱ्यात काही सापडलं का.

आवडाबाईंना सगळं सांगितलं. त्या भांडेवालीला शोधायला निघाल्याच होत्या पायात चपला घालून. मग दारातच थांबल्या. म्हणाल्या, पण तिनं काय चोरली का? तू दिलीस, तिनं डबा दिला. तिनं डबा माघारी मागितला तर?

खरंच आहे. राग कुणावर धरायचा तेही ठरेना.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सगळा घोटाळा झालाय.

मॅडमना सांगितलं होतं की पाचवा म्हणून तोच शो घेतेय. कारण सांगितलं नाही. त्यांनी आज कोटाच्या पाठीचा मोठा फोटो पडद्यावर लावला आणि सगळ्या वर्गाला म्हणाल्या, या फेऱ्या बघा. उजव्या हाताची बाई एका दिशेनं फिरते, ही उलटी फिरलीय. दोऱ्याची गाठ पण उलट्या बाजूला. "जिनं कुणी ही शिवलीय ती डावखुरी होती."

डावखुरी?

मधल्या सुट्टीत आत्याला फोन लावला. आईचा शिवायचा हात कुठला? आत्या म्हणाली, काय विचारतीस, चांगला उजवाच. पुतळा डाव्या हातानं पानावर मीठ वाढू द्यायची नाय कुणाला. मग माझी आजी? उजवा. मावशी? उजवा. आणि आत्या तू? "मला शिवताच येत नाय, तर हात कुठला सांगू?"

घरातल्या सगळ्या बाया मोजून झाल्या. एकही डावी नाही.

म्हणजे ती आमची नाही. तसल्या पिवळ्या कापडाचे ताग्यावर तागे बाजारात आले असतील, दुसऱ्या कुठल्या तरी पोरीचा फ्रॉक, दुसऱ्या कुठल्या तरी बाईची कात्री बदकाच्या मानेवरून गेली असेल. होऊ शकतं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आमची नाही. मग मला सुटल्यासारखं का वाटत नाही? आमची होती तेव्हा निदान कुठं आहे ते तरी ठाऊक होतं.

१५ सप्टेंबर, रविवार

आवडाबाईंनी त्यांच्या माळ्यावरची गोधडी काढून दिली. ही ने, म्हणाल्या, विटलेली हिरवी आहे, तुझ्या बापाच्या काय लक्षात राहणार. उन्हात टाकली. सुंदर आहे तीही. बारीक, एकसारखे टाके. मी कोपऱ्यातून कोपरा चाचपला, दाणे लागले नाहीत. पाच दाणे घालून कोपरा शिवून टाकायचा माझा विचार चालला होता! मॅडम म्हणतात खोटं लगेच कळतं. अप्पांना कळेल का? अप्पांना कळलं आणि ते बोललेच नाहीत तर?

घडी करून पलंगाखाली ठेवलीय. बघू.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मुक्तिसंग्राम दिन आणि विसर्जन एकाच दिवशी. सकाळी झेंडा, दुपारपासून ढोल. मी खोलीत. काही सुचत नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

उत्तर आलं!!

पांढऱ्या शर्टच्या ऑफिसातल्या एका बाईचं, इंग्रजीत, फार गोड. गोधडी जुनी कापडं विकणाऱ्या व्यापाऱ्याकडून आली. त्याला ती मराठवाड्याकडून मिळाली, याहून जास्त त्याला माहीत नाही. कोट परदेशातल्या एका बाईंनी घेतला, आता मिळणार नाही. शोच्या पत्रिकेत त्यांनी तो 'एका अज्ञात स्त्रीच्या हातांना' अर्पण केलाय. आणि शेवटी – तुम्ही कोपऱ्याचं विचारलंत याचं आम्हाला नवल वाटलं. कापताना एका कोपऱ्यात बारीक काही तरी लागलं. उसवलं तर धान्याचे पाच दाणे होते. आमच्या कारागिरांनी ते फेकले नाहीत. खालच्या घोळात परत शिवून ठेवलेत.

पाच.

म्हणजे आमचीच. पण मग ती डावखुरी बाई कोण? आईनं ती शिवलीच नव्हती? कुणाकडून शिवून घेतली? का अप्पांनी ती कुठून तरी आणली आणि मला आईची म्हणून सांगितली? बारा वर्षं मी कुणाच्या टाक्यांवर गाल ठेवून झोपत होते?

कशाचाच मेळ लागेना. मी चोर की माझ्याशीच कुणी खोटं बोललंय?

एवढं मात्र बरं वाटलं की कोट उपाशी गेला नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

प्रोजेक्ट दिला. पाचव्यासमोर हे लिहिलं – 'हा कोट मला आवडला कारण तो दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर होता. माझ्या अंगावर होता तेव्हा मी तो देऊन टाकला.' बाकी काही नाही. सगळ्यांची चार-चार पानं.

मॅडमनी तिथंच उभ्या-उभ्या वाचलं. खाली लाल पेनानं लिहिलं, 'खरं आहे. पण अपुरं.' विचारलं काहीच नाही. त्यांचं हे एक बरं असतं आणि वाईटही.

२५ सप्टेंबर, बुधवार

आवडाबाईंची गोधडी त्यांना माघारी दिली. उद्या पहिल्या गाडीनं बिडकीन. हातात फक्त डबा, रिकामा. त्या म्हणाल्या, पोरी, निदान नवमीचा दिवस टाळून सांग. पण नवमीच्याच दिवशी तर ती लागणार आहे!

२६ सप्टेंबर, गुरुवार

सांगितलं.

पोचले तर अंगण सारवलेलं, आत्यानं तव्यावर पोळी टाकलेली, वच्छलाबाई नवी साडी नेसून ओट्यावर येऊन बसलेल्या. अप्पांनी माझ्या हाताकडं बघितलं. डबा बघितला. गाडीत राहिली का, म्हणाले.

मी सरळ बोलून टाकलं. भांडेवाली, झाकण, सगळं. अस्वलाचं ब्लँकेटसुद्धा. बोलताना अप्पांकडं बघायची हिंमत झाली नाही, वच्छलाबाईंच्या बांगड्यांकडं बघत बोलले. आत्याच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं, पोळी करपली. मग ती बोलू लागली. पुतळाच्या हाताची तेवढीच वस्तू राहिली होती, ती तू भांड्यावर घातलीस! वच्छलाबाईच तिला गप करत होत्या.

मी मोबाईल काढून व्हिडिओ लावला. का लावला कुणास ठाऊक, दुसरं काही दाखवायला नव्हतं. अप्पांनी चष्मा पुसून तीन वेळा पाहिला. तिसऱ्या वेळी ती वळली तिथं बोटानं थांबवायला सांगितलं आणि पाठीवरच्या फेऱ्या बघत राहिले. खाली लिहिलेलं काय आहे, विचारलं. मी वाचून सांगितलं, एका अज्ञात स्त्रीच्या हातांना.

"बाईच्या?" अप्पा म्हणाले. आणि हसले. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं, आत्याही बघत राहिली. मग डोळे पुसले आणि मेंढ्यांकडं निघून गेले.

मी घाबरले. माणूस दुःखानं भ्रमतो असं म्हणतात.

वच्छलाबाई घोंगडीवर बसल्या. पोटभर जेवल्या बिचाऱ्या. डावखुऱ्या बाईचं विचारायचं राहूनच गेलं. आज विचारायचा मला हक्क तरी कुठं होता.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी बाहेर आले तर मेंढ्यांच्या जाळीपाशी अप्पा बसलेले. पुढ्यात गाठोडं सोडलेलं. आईचं उरलेलं निळं लुगडं, माझी शाळेची ओढणी, त्यांचा गेटवरचा जुना शर्ट. पोती शिवायच्या दाभणात दोरा ओवलेला. दाभण डाव्या हातात.

मी उभीच राहिले. त्यांनी मान वर केली नाही.

"त्या साली तुझ्या आईच्या बोटांत जोर नव्हता. ती तुकडे लावून द्यायची. मी दौलताबादच्या रानात न्यायचो, मेंढरं बसली की शिवायचो. आईनं पोरीला गोधडी पण टाकली नाय असं कुणी म्हणू नये, म्हून गप ऱ्हा म्हणली. ऱ्हायलो." मग दोरा ताणत, "बदकाचं मुंडकं माझ्याच हातून शिवणीत गेलं."

मी आत जाऊन ज्वारीचे पाच दाणे आणले आणि शेजारी बसले. अप्पांनी विचारलं, तू आता शिकलेली, फेरी कुठून घ्यायची ते सांग.

म्हटलं, उलटीच घ्या.